बॅलरॅटचे स्वयंसेवी अग्निशमन दल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे ११० किलोमीटरवर असलेले बॅलरॅट हे शहर सोन्यामुळे वसले आणि आगीमुळे अनेकदा नव्याने बांधले गेले. मेलबर्न परिसरातील मराठी कुटुंबे पाहुण्यांना हमखास तेथे घेऊन जातात. सोन्याचा इतिहास तेथे पावलोपावली सांगितला जातो, मात्र ज्यांनी हे शहर जळता जळता वाचवले त्या बिनपगारी माणसांविषयी फारसे बोलले जात नाही. त्यांच्याबद्दल नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

बॅलरॅट हे ‘वसाहतकालीन सुवर्णनगर’ म्हणजे नेमके काय होते?

१ जुलै १८५१ रोजी व्हिक्टोरिया ही न्यू साउथ वेल्सपासून वेगळी ब्रिटिश वसाहत झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाथाउराँग लोकांच्या या भूमीवर, बॅलरॅट येथे सोने सापडले. त्यापूर्वी तेथे मेंढपाळांची तुरळक वस्ती होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, कॅलिफोर्निया आणि दक्षिण चीनमधून हजारो माणसे आली व ओढ्याकाठच्या सखल भागात राहुट्यांचे एक अस्ताव्यस्त गाव उभे राहिले. सोने वरच्या थरात होते तोवर ही वस्ती तात्पुरती होती. खोल खाणी सुरू झाल्यावर मात्र बँका, हॉटेले, नाटकगृहे आणि लोखंडी ओतकामाचे कारखाने आले, आणि जळण्यासारखे व जपण्यासारखे असे दोन्ही एकाच ठिकाणी जमा झाले.

अशा शहरांत इतक्या आगी का लागत असत?

पहिले कारण बांधकामाचे आहे. सुरुवातीची दुकाने म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले कॅनव्हास असे. दुकानदाराची ऐपत वाढली की पुढची बाजू फळ्यांची होई, आत छताला व भिंतींना मांजरपाटासारखे सुती कापड ताणून बसवले जाई आणि त्यावर कागद चिकटवला जाई. ही सजावट दिव्याच्या उजेडात छान दिसत असली, तरी वर्षभर वाळलेले कापड, त्यावरची खळ आणि त्यामागची मोकळी हवा यांचा विचार केला, तर आगीला याहून सोयीची रचना मुद्दाम करूनही जमली नसती. एखाद्या खोलीत मेणबत्ती कलंडली तर ज्वाला भिंतीवर चढण्याऐवजी थेट छताच्या कापडातून शेजारच्या खोलीत पोहोचत असे, आणि दोन दुकानांत विटेची भिंत नसल्यामुळे शेजारची खोली म्हणजे बहुधा शेजारचे दुकान असे.

दुसरे कारण चुलींचे. धुराडी अनेकदा लाकडाची किंवा झाडाच्या सालीची केलेली असत व आतून माती लिंपलेली असे. माती तडकली की उघडे पडलेले लाकूड पेट घेई. तिसरे कारण हवामानाचे आहे. आपल्याकडे थंडी असते त्या डिसेंबर ते फेब्रुवारीत तेथे उन्हाळा असतो, आणि खंडाच्या मध्यभागाकडून येणारा कोरडा, तापलेला उत्तरेचा वारा काही तासांत सगळे वाळवून टाकतो. सोने सापडण्याच्या अवघे सहा महिने आधी, ६ फेब्रुवारी १८५१ रोजी, व्हिक्टोरियाचा जवळजवळ चौथा हिस्सा वणव्यांनी होरपळला होता. तो दिवस तेथे ‘काळा गुरुवार’ म्हणून ओळखला जातो. पण नव्याने आलेल्या खाणकामगारांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नव्हता, आणि सोने शोधायला आलेला माणूस हवामानाची चौकशी सहसा नंतर करतो.

यात दारू, रात्रभर चालणारी हॉटेले, कॅम्फीनसारखी भडकणारी दिव्याची तेले आणि दुकानात एकाच छताखाली ठेवलेली मेणबत्त्या, स्पिरिट व स्फोटाची दारू यांची भर घातली म्हणजे चित्र पूर्ण होते.

लोकांकडे सोने होते, तर त्यांनी विटांची घरे का बांधली नाहीत?

कारण जमीन त्यांची नव्हती. १८५५ पर्यंत खाणकामगार परवाना घेत असे, ज्यासाठी सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग भरावे लागत, आणि त्यानंतर वर्षाला एक पौंड देऊन ‘माइनर्स राइट’ नावाचे हक्कपत्र घेऊ लागला. त्याने सोने खणण्याचा आणि लहानशा तुकड्यावर राहण्याचा अधिकार मिळे, परंतु मालकीचा कागद मिळत नसे. व्यापाऱ्यांनाही सोन्याच्या क्षेत्रात बराच काळ तात्पुरत्या परवान्यावरच धंदा करावा लागला. ज्या जागेखाली उद्या कोणी खाणीचा दावा लावू शकतो तेथे विटेचा पैसा कोण घालणार? बॅलरॅटच्या आगींसाठी निष्काळजीपणाला दोष देण्याची प्रथा आहे; माझ्या मते जमिनीच्या कायद्याचा दोष त्याहून मोठा आहे.

दल स्थापन होण्यापूर्वी आग लागल्यावर काय होत असे?

लोक बादल्या घेऊन धावत, ओल्या घोंगड्या छपरांवर टाकत, आणि हे जमले नाही तर पुढचे दुकान पाडून आगीची वाट तोडत. पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे माल रस्त्यात आणून टाकणे हाच असे. रस्त्यात टाकलेल्या मालाची चोरी होणे हा त्याचा ठरलेला पुढचा भाग होता.

बॅलरॅटमधील सर्वांत प्रसिद्ध आग तर कोणी विझवायचा प्रयत्नच केला नाही. ऑक्टोबर १८५४ मध्ये जेम्स स्कोबी नावाच्या खाणकामगाराचा युरेका हॉटेलजवळ खून झाला. हॉटेलमालक जेम्स बेंटली याच्यावर संशय होता, पण स्थानिक न्यायाधिकाऱ्यांनी त्याला सोडून दिले, आणि त्यांपैकी एकाशी त्याचे लागेबांधे असल्याची चर्चा पसरली. १७ ऑक्टोबरला हजारोंचा जमाव हॉटेलासमोर जमला. पोलीस आणि सैनिक हजर होते, आयुक्त रॉबर्ट रीड यांनी जमावाला समजावण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्यावर अंडी फेकली गेली, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत हॉटेल जळून खाक झाले. त्या घटनेतून वाढत गेलेला संघर्ष ३ डिसेंबर १८५४ च्या, खाणकामगारांच्या युरेका उठावापर्यंत पोहोचला. तेव्हा शहरात अग्निशमन दल असते तरी त्याने काय केले असते, हा प्रश्न मनोरंजक आहे, कारण पुढे दलात भरती झालेली माणसे याच शहरातील होती.

मग दल केव्हा आणि कशामुळे स्थापन झाले?

डिसेंबर १८५५ मध्ये मेन रोडवरील युनायटेड स्टेट्स हॉटेल आणि आजूबाजूची दुकाने जळाली, जीवितहानीही झाली. या आगीने व्यापाऱ्यांचे डोळे उघडले, असे म्हणता येईल; पण डोळे उघडण्याचा वेगही सोन्याच्या शहराला शोभेसाच होता, कारण फेब्रुवारी १८५६ मध्ये तेच हॉटेल पुन्हा उभे राहिलेले होते आणि नर्तकी लोला माँटेझ व स्थानिक संपादक हेन्री सीकँप यांच्यातील चाबकांची गाजलेली मारामारी तेथेच झाली. हॉटेल अडीच महिन्यांत परत आले, आणि १८५६ मध्येच बॅलरॅट फायर ब्रिगेड या नावाने स्वयंसेवकांचे दल उभे राहिले.

दलाचे सभासद प्रामुख्याने दुकानदार, सुतार, लोहार, खोगीर बनवणारे, हॉटेलवाले आणि कारकून असत. ज्याचे दुकान मेन रोडवर आहे त्याला शेजाऱ्याची आग ही आपलीच आग वाटणे स्वाभाविक होते. ज्याचा तंबू उद्या दुसऱ्या खाणीवर हलणार आहे त्याला तसे वाटण्याचे कारण नव्हते. स्वयंसेवी दल हे वस्ती कायमची झाल्याचे पहिले लक्षण मानावे लागते ते यामुळेच. कॅलिफोर्नियातून आलेल्यांचाही यात वाटा होता. १८४९ ते १८५१ या काळात सॅन फ्रान्सिस्को वारंवार जळाले होते आणि तेथे स्वयंसेवी कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. त्या पाहून आलेली माणसे बॅलरॅटमध्ये होती.

एकाच शहरात दोन अग्निशमन दले कशी होती?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर नकाशात आहे. पश्चिमेकडील पठारावर सरकारी छावणी होती. तेथे सर्वेक्षक अर्कहर्ट यांनी सरळ, रुंद रस्त्यांचे शहर आखले. त्यातील स्टर्ट स्ट्रीट जवळजवळ ६० मीटर रुंद आहे. पूर्वेकडे, खाली सखल भागात, खाणकामगारांच्या पायवाटेवरून वाढलेला मेन रोड होता, जो ओढ्याच्या आणि खाणींच्या सोयीने वळत गेला, आणि ज्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी दुकाने खेटून उभी होती. वरचे शहर सरकारने आखले, खालचे लोकांनी वसवले. १८५५ च्या अखेरीस बॅलरॅट वेस्टची नगरपालिका झाली आणि १८५७ मध्ये बॅलरॅट ईस्टची वेगळी नगरपालिका झाली. या दोन पालिका १९२१ पर्यंत वेगळ्या राहिल्या.

दोन पालिका म्हटल्यावर दोन टाउन हॉल, दोन खजिने आणि अर्थातच दोन अग्निशमन दले आली. १८५६ चे मूळ दल पूर्वेकडे, बार्कली स्ट्रीटच्या टेकाडावर स्थिरावले, आणि १८५९ मध्ये पश्चिमेकडे दुसरे दल निघाले, जे पुढे बॅलरॅट सिटी फायर ब्रिगेड म्हणून ओळखले जाऊ लागले. प्रत्येकाने आपापले ठाणे आणि आपापला विटांचा मनोरा बांधला. एका गल्लीत दोन गणेशोत्सव मंडळे का असतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

या विभागणीचा तोटा उघड आहे: सामग्री दोन ठिकाणी, वर्गणी दोन ठिकाणी, अधिकारी दोन ठिकाणी. फायदा मात्र कमी सांगितला जातो. चढउतार असलेल्या शहरात माणसांनी दोरखंडाने ओढत न्यायचा जड बंब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेण्यात जो वेळ जातो, तो लाकडी रांग जळून जायला पुरेसा असतो, आणि अशा ठिकाणी दोन उंचवट्यांवर दोन ठाणी असणे ही चैन नव्हती.

दलाचा खर्च कसा भागत असे?

वर्गणीने. व्यापारी, हॉटेलवाले आणि बँका वार्षिक वर्गणी देत. पालिका थोडी मदत करी. विमा कंपन्या आपल्या हिताचा हिशेब मांडून देणगी देत. उरलेली तूट नृत्यसमारंभ, नाटके, बाजार आणि मेजवान्यांनी भरून काढली जाई. स्वयंसेवकाला पगार नव्हता, आणि गणवेश व साहित्य यांचा भारही अनेकदा त्याच्याच खिशावर पडे.

यातून जी कटकट निर्माण होई ती सार्वजनिक कामे केलेल्या कोणालाही परिचित वाटेल. मोठी आग लागून गेली की वर्गणी भराभर जमे. दोन वर्षे शांततेत गेली की तेच व्यापारी दलाला मेजवान्या झोडणाऱ्यांचा क्लब म्हणू लागत. विमा न उतरवणारा आणि वर्गणीही न देणारा दुकानदार जळू लागला, तरी त्याचे दुकान विझवावेच लागे, कारण त्याच्या पलीकडे वर्गणीदाराचे दुकान असे. आगीपासूनचे संरक्षण वर्गणीवर चालवता येत नाही, हा धडा वसाहतीने शिकायला साधारण ३५ वर्षे घेतली; त्याविषयी पुढे येईलच.

हातपंपाचा बंब प्रत्यक्षात कसा चालत असे?

चार चाकांच्या गाड्यावर पाण्याची पेटी, तिच्यात दोन उभे सिलिंडर आणि त्यांच्या वर तराजूच्या दांडीसारखी हलणारी आडवी तुळई, अशी त्याची रचना होती. तुळईच्या दोन्ही टोकांना गाड्याच्या पूर्ण लांबीचे लाकडी दांडे असत. एका बाजूच्या माणसांनी दांडा खाली दाबला की समोरच्यांचा वर जाई, मग ते दाबत. एक दट्ट्या पाणी ओढी तेव्हा दुसरा ढकलत असे. मधल्या हवेच्या कोठीमुळे धार हिसके न देता अखंड पडे. वीस-बावीस माणसांचा मोठा बंब मिनिटाला साधारण शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ४५० लिटर पाणी फेकत असे.

ही आकडेवारी दमदार वाटते, पण मिनिटाला तीस-चाळीस हेलकाव्यांचा वेग कोणतीही तुकडी काही मिनिटांहून अधिक टिकवू शकत नाही. म्हणून दांड्यावर माणसे सतत बदलावी लागत आणि गर्दीतून बघे ओढून आणावे लागत. लंडनमध्ये या कामाला पहिल्या तासासाठी एक शिलिंग, पुढे तासाला सहा पेन्स आणि वर बिअर असा दर होता, आणि बिअर थांबली की पंपही थांबत, अशी तेथील तक्रार होती. प्रशिक्षित स्वयंसेवकांचे खरे काम दांडा मारणे नसून नळी सांभाळणे, शिडी लावणे आणि कोणती भिंत वाचेल व कोणती सोडून द्यायची हे ठरवणे हे होते.

नळ्या सुरुवातीला कातड्याच्या, तांब्याच्या रिव्हेटांनी जोडलेल्या असत. त्यांना नियमित चरबी लावली नाही तर त्या तडकत, आणि ओल्या गुंडाळून ठेवल्या तर कुजत. पुढे कॅनव्हासच्या नळ्या आल्या, त्यांनाही टांगून वाळवावे लागे. दलाच्या सभासदाचा बराचसा वेळ आगीशी झुंजण्यात नव्हे तर या नळ्यांची निगा राखण्यात जात असे.

आणि पाणी कोठून येत असे?

खरा प्रश्न हाच आहे, आणि दलांच्या शौर्यकथांत तो नेहमी मागे पडतो. सुरुवातीच्या बॅलरॅटमध्ये पाणी पिंपांतून, गाड्यांवरून विकले जात असे. ओढ्याचे पाणी सोने धुऊन धुऊन पिवळ्या चिखलाचे झालेले होते; ते पंपात घातले तर झडपा गाळाने भरत. वसाहतीतील अनेक शहरांत आगीच्या जागी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या पाणीगाडीवाल्याला बक्षीस देण्याची पद्धत होती, यावरून टंचाईची कल्पना यावी. बंब चमकदार, गणवेश लाल, माणसे तयार, आणि पेटीत पाणी नाही, असे प्रसंग सुवर्णनगरांत नवलाचे नव्हते.

पश्चिमेकडील यूल्स स्वँप, म्हणजे आजचे लेक वेंडूरी, हे पाण्याचे पहिले हक्काचे साधन ठरले. त्यानंतर शहराच्या पूर्वेला उंचावर कर्क्स आणि पुढे गाँग गाँग हे जलाशय बांधले गेले व पाणी लोखंडी नळांतून उताराने शहरात येऊ लागले. येथे अग्निशमनाचे स्वरूपच पालटले. जमिनीखालच्या नळात उताराचा दाब असेल तर रस्त्यातील तोटीला नळी जोडली की धार सुरू होते. तेथे वीस माणसांचा पंप लागत नाही. जड बंबाऐवजी नळी गुंडाळलेले हलके, दोन चाकी रीळ घेऊन सहा-आठ जण धावत गेले तरी पुरते. बंब बक्षिसासारखा ठाण्यात उभा राहिला आणि काम रीळ करू लागले.

बेंडिगो या व्हिक्टोरियातील दुसऱ्या सुवर्णनगराची कथाही अशीच आहे. तेव्हा सँडहर्स्ट नाव असलेल्या त्या कोरड्या शहरात १८७७ मध्ये अभियंता जोसेफ ब्रेडी यांच्या देखरेखीखाली कोलिबन नदीचे पाणी कालव्याने आले, आणि खाणी, बागा व अग्निशमन या तिन्हींना एकदमच बळ मिळाले. सुवर्णनगरांना आगीपासून ज्याने वाचवले त्याचे एकच नाव घ्यायचे झाले, तर मी दलाच्या कॅप्टनच्या आधी जलअभियंत्याचे घेईन.

आग लागल्याचे कळत कसे असे?

घंटेने. उंच मनोऱ्यावर रात्री पहारेकरी असे. धूर किंवा उजेड दिसला की तो घंटा वाजवी आणि सभासद घरातून, दुकानातून, कधी नाटकाच्या प्रयोगातून उठून ठाण्याकडे पळत. तोच मनोरा आतल्या बाजूने नळ्या टांगून वाळवण्यासाठीही वापरला जाई. बॅलरॅट ईस्टचा मनोरा १८६० च्या दशकातील आहे आणि टेकाडावर असल्याने खालचा संपूर्ण मेन रोड त्याच्या नजरेत येत असे.

हे दल खाणीतील आगीही विझवत असे का?

क्वचितच. दलाची हद्द जमिनीवरची होती. खाणीच्या तोंडावरचे लाकडी सांगाडे आणि बॉयलरघरे पेटत तेव्हा दल जाई, पण भूगर्भातील संकटांशी खाणकामगारच सामना करत. शिवाय बॅलरॅट भागातील खोल खाणींचा मोठा शत्रू आग नव्हता, पाणी होते: १२ डिसेंबर १८८२ रोजी जवळच्या क्रेसविक येथील न्यू ऑस्ट्रलेशियन खाणीत पूर येऊन २२ कामगार बुडाले.

दलांच्या स्पर्धा होत असत, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि त्या अजूनही होतात. व्हिक्टोरियातील दलांचे पहिले प्रात्यक्षिक संमेलन १८७३ मध्ये सँडहर्स्ट येथे भरले. रीळ घेऊन धावणे, नळी पसरून तोटीला जोडणे आणि धारेने लक्ष्य पाडणे, शिडीवर चढणे, अशा शर्यती घड्याळ लावून होत. प्रत्यक्षात नळावरच्या पाण्याचे तंत्र ज्या दशकांत रुळत होते त्याच दशकांत या शर्यती घडल्या, त्यामुळे त्यांना केवळ करमणूक म्हणणे योग्य नाही. तोटीला नळी जोडण्यात वाचवलेले पाच सेकंद खऱ्या आगीतही वाचत होते. अर्थात मिरवणूक, बँड, मेजवानी आणि शेजारच्या गावाला हरवल्याचा आनंद हेही होतेच, आणि तरुण सभासद टिकवून धरण्यात त्यांचा वाटा मोठा होता. आग दररोज लागत नाही. सराव मात्र दर आठवड्याला करावा लागतो, आणि त्यासाठी माणसाला काहीतरी निमित्त हवे असते.

चिनी रहिवासी आणि स्त्रिया यांचे स्थान काय होते?

१८५० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरियात सुमारे ४०,००० चिनी खाणकामगार होते. १८५५ पासून त्यांच्यावर माणशी दहा पौंडांचा प्रवेशकर होता, आणि त्यांच्या वसाहती मुद्दाम वेगळ्या ठेवल्या जात. दाटीवाटीच्या या छावण्यांना आगीचा धोका इतरांपेक्षा अधिक होता. त्यांच्याविरुद्ध आग हे शस्त्रही ठरले: जुलै १८५७ मध्ये बकलंड नदीच्या खोऱ्यात जमावाने चिनी खाणकामगारांना हुसकावून त्यांचे तंबू आणि मंदिर जाळले. दलांच्या इतिहासातील बंधुभावाची वर्णने वाचताना हा दिवस विसरता कामा नये. पुढे बेंडिगोच्या ईस्टर उत्सवात चिनी समाज आपल्या ड्रॅगनसह आणि अग्निशमन दले आपल्या मशालींसह मिरवू लागली. ही परंपरा आजही चालू आहे.

स्त्रियांना सभासदत्व नव्हते. निधी उभारण्याची जी कामे वर सांगितली, त्यांतील बाजार, खाद्यपदार्थ आणि समारंभांची व्यवस्था प्रामुख्याने त्यांनी केली. दलाच्या जमाखर्चात ती रक्कम दिसते, ती मिळवणाऱ्यांची नावे सहसा दिसत नाहीत.

स्वयंसेवी पद्धत बदलली केव्हा?

१८९० च्या फायर ब्रिगेड्स कायद्याने. या कायद्याने मेलबर्नसाठी एक आणि ग्रामीण शहरांसाठी एक अशी दोन मंडळे नेमली, दलांची नोंदणी सक्तीची केली, आणि खर्चाची विभागणी सरकार, पालिका आणि विमा कंपन्या यांच्यात केली. मेलबर्नमध्ये पगारी दल आले. बॅलरॅटसारख्या शहरांत मात्र माणसे स्वयंसेवकच राहिली. बदलला तो पैसा. वर्गणीची झोळी फिरवण्याची वेळ बहुतांशी संपली, आणि त्याबदल्यात कॅप्टनला मंडळाचे नियम, तपासण्या व अहवाल स्वीकारावे लागले. काही जुन्या सभासदांना ही स्वायत्ततेवरची गदा वाटली असल्यास नवल नाही, परंतु न जळणाऱ्या वर्षांतही दल टिकून राहावे यासाठी दुसरा मार्ग नव्हता.

१३ जानेवारी १९३९ च्या ‘काळ्या शुक्रवार’च्या वणव्यांनंतर न्यायाधीश स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने रानातील आणि शहरांतील दले एका छत्राखाली आणण्याची गरज दाखवून दिली, आणि १९४५ मध्ये कंट्री फायर ऑथॉरिटी अस्तित्वात आली. २०२० मध्ये पगारी अग्निशामक फायर रेस्क्यू व्हिक्टोरिया या नव्या संस्थेत गेले आणि कंट्री फायर ऑथॉरिटी पुन्हा स्वयंसेवकांची संस्था झाली.

इतर सुवर्णनगरांतही असेच घडले का?

ढोबळमानाने होय, पण प्रत्येक ठिकाणी भूगोलाने आपले काही घातले. व्हिक्टोरियाच्या डोंगराळ भागातील वॉलहॅला हे गाव इतक्या अरुंद दरीत आहे की १९०१ मध्ये अग्निशमन ठाण्यासाठी सपाट जागा उरली नव्हती. ते चक्क ओढ्यावर, दोन्ही काठांना टेकवून बांधले गेले आणि आजही तेथे उभे आहे.

कॅनडाच्या बाजूला, तेव्हा स्वतंत्र ब्रिटिश वसाहत असलेल्या ब्रिटिश कोलंबियात, बार्करव्हिल हे गाव १६ सप्टेंबर १८६८ रोजी दोन तासांच्या आत जवळजवळ संपूर्ण जळाले. छायाचित्रकार फ्रेडरिक डॅली यांनी तो प्रसंग प्रत्यक्ष पाहिला आणि लिहून ठेवला. गाव लगेच पुन्हा बांधले गेले, रस्ता रुंद केला गेला, आणि विल्यम्स क्रीक फायर ब्रिगेडला नाट्यमंडळींसोबत एकाच इमारतीत जागा मिळाली: अग्निशमन दल आणि थिएटर रॉयल एका छपराखाली. दलाचा निधी नाटकांतून येत असल्याने ही व्यवस्था वाटते तितकी विचित्र नव्हती.

मुंबईशी याची तुलना करता येईल का?

काळ एकच असला तरी मार्ग वेगळा होता. १८०३ मध्ये मुंबईच्या कोटातील मोठ्या आगीने दाट वस्तीचा धोका दाखवला, पण तेथे अग्निशमनाची जबाबदारी आधी पोलिसांच्या व्यवस्थेकडे होती आणि १८८८ च्या महापालिका कायद्याने ती पालिकेचे कर्तव्य ठरली. म्हणजे मुंबईत दल वरून आले, बॅलरॅटमध्ये ते खालून आले. दोन्ही साम्राज्याचीच शहरे. फरक इतकाच की बॅलरॅटच्या गोऱ्या रहिवाशांना आपले मंडळ, आपला कॅप्टन आणि आपली नगरपालिका निवडण्याची मुभा होती.

आज यातील काय पाहता येते?

बार्कली स्ट्रीट आणि स्टर्ट स्ट्रीट येथील जुन्या ठाण्यांचे मनोरे रस्त्यावरून सहज दिसतात. १९७० मध्ये सुरू झालेल्या सॉव्हरिन हिल या खुल्या संग्रहालयात १८५० च्या दशकातील मेन रोड पुन्हा उभारला आहे. तेथे दुकानांच्या दर्शनी फळ्यांकडे पाहून झाले की आत शिरून छताकडे आणि भिंतींकडेही पाहावे, म्हणजे लाकूड व कापड किती जवळजवळ होते ते ध्यानात येते. खरा मेन रोड आजही शहरात आहे, पण त्याच्यावरची जुनी गजबज राहिलेली नाही, कारण वारंवारच्या आगी आणि खाणींच्या गाळाचे पूर यांमुळे व्यापार हळूहळू ब्रिज स्ट्रीटकडून स्टर्ट स्ट्रीटवर सरकला.

आज तेथे राहणारी मराठी व्यक्ती अशा दलात सामील होऊ शकते का?

होय. कंट्री फायर ऑथॉरिटीच्या स्थानिक दलाकडे अर्ज करावा लागतो, पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि मूलभूत प्रशिक्षण पूर्ण केल्यानंतरच प्रत्यक्ष आगीवर जाता येते. ज्यांना नळी धरायची नाही त्यांच्यासाठी रेडिओ, हिशेब, जनजागृती अशी कामेही असतात. मेलबर्नच्या वाढत्या उपनगरांच्या कडेला, जेथे आपली अनेक कुटुंबे नवी घरे घेत आहेत, तेथील दलांना दिवसा उपलब्ध असणाऱ्या माणसांची गरज असते, कारण बहुतेक सभासद कामाच्या वेळी शहरात असतात. अर्ज करण्यापूर्वी दलाच्या सरावाच्या संध्याकाळी ठाण्यावर जाऊन कॅप्टनशी बोलावे. घरापासून किंवा कामाच्या जागेपासून ठाणे किती मिनिटांवर आहे, हे तेथे हमखास विचारले जाते.